तक्त्यात न मावणारे इरले

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत एक तक्ता हमखास आढळतो. कार्डशीटवर तीन रकाने आखलेले असतात. वनस्पतीचे नाव, वापरात येणारा भाग आणि उपयोग. बांबू, खोड, टोपल्या व सुपे. करवी, काठ्या, घराचे कूड. पळस, पाने, पत्रावळी. केवण, साल, दोर. प्रदर्शन जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातले असले, विषय भीमाशंकरच्या परिसराचा असला, तर वर ठळक अक्षरांत 'आदिवासींची पारंपरिक साधने' असे लिहिलेले असते आणि खाली टेबलावर एक सूप, दोराची एक गुंडाळी व खेळण्यातली वाटावी अशी झोपडी मांडलेली असते. परीक्षक येतात, मुलगी पाठ केलेले सांगते, परीक्षक मान डोलावतात आणि शेजारच्या सोड्याच्या ज्वालामुखीकडे वळतात.

हा तक्ता खोटा नाही. त्यातली प्रत्येक ओळ तपासली तर बरोबर निघेल. कोणताही तक्ता अपुरा असतो, तेव्हा अपुरेपणाबद्दलही आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती तो ज्या तऱ्हेने अपुरा आहे त्याबद्दल. या तीन रकान्यांत वनस्पती शिल्लक राहते, वस्तू शिल्लक राहते आणि या दोहोंच्या मध्ये जे घडले ते सगळे गळून जाते. बांबूचे बेट ते सूप या प्रवासात कोणीतरी कितीतरी निर्णय घेतलेले असतात. ते निर्णय म्हणजेच तंत्रज्ञान. तेच आपण तक्त्याबाहेर ठेवतो आणि मग त्या तक्त्याला विज्ञान प्रदर्शन म्हणतो.

दोष मुलांचा नाही, त्यांच्या शिक्षकांचाही फारसा नाही. मोठ्यांच्या पुस्तकांतून, शोधनिबंधांतून आणि सरकारी नोंदींतून हीच रचना चालत आलेली आहे. तिची थोडी वंशावळ पाहू.

पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८५ साली निघाले. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तो अठरावा खंड, तीन भागांत. त्यात जिल्ह्यातल्या झाडांची यादी आहे आणि कोणाचे लाकूड, कोणाची साल कशाच्या कामी येते हे सांगितले आहे. पुढे १८८९ ते १८९३ या वर्षांत जॉर्ज वॉट यांचा भारतातील आर्थिक उत्पादनांचा प्रचंड कोश प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच हेतू दिसतो. झाडापासून काय मिळेल हे सरकारला हवे होते. दोर कोण वळतो आणि तो पीळ असाच का देतो याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते. १८९५ मध्ये अमेरिकेत जॉन हार्शबर्गर यांनी अशा अभ्यासाला वेगळे नाव दिले. मराठीत त्याला आपण लोकवनस्पतिशास्त्र म्हणतो. नाव नवे झाले, रकाने बहुतेक तेच राहिले. आपल्याकडे १९८२ ते १९९८ या काळात केंद्राच्या पर्यावरण खात्याने देशभर लोकजीवशास्त्राचा एक मोठा समन्वित प्रकल्प चालवला. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या ठरल्या. नोंदवही म्हटली की पुन्हा तक्ता आला, आणि तक्त्यात ओळ भरली की काम झाले असे वाटू लागते.

यादी करणे हे हलके काम आहे असे मात्र कोणी समजू नये. नाव ठाऊक नसेल तर पुढची चर्चाच अशक्य. आणि यादीच्या पलीकडे जाता येते याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. त्यांनी झाडे नोंदवलीच, पण ही राई कोणाची, इथे काय तोडायचे नाही, हा नियम कोण पाळते आणि का पाळते, हेही विचारले. भीमाशंकरजवळ आहुप्याची देवराई आजही उभी आहे. ती का उभी आहे याचे उत्तर झाडांच्या यादीत सापडणार नाही.

यादीचा आणखी एक कल आहे, तो औषधाकडे. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले आणि आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. त्या गाजलेल्या लढ्यानंतर पारंपरिक ज्ञान म्हणजे औषधी ज्ञान असे समीकरण घट्ट झाले. केवणीचेच पाहा. तिची पिळदार शेंग मुरड्यावर देतात म्हणून ती 'मुरुडशेंग' या नावाने प्रसिद्ध आहे. शेंग औषधांच्या पुस्तकात जाऊन बसली. त्याच झुडपाच्या सालीचा दोर कित्येक घरांचे वासे बांधून होता, गुरे बांधून होता. त्याला पुस्तक मिळाले नाही. टोपलीचे पेटंट कोणी घेत नाही, म्हणून टोपलीची काळजीही कोणी करत नाही.

आता गळून काय जाते ते एका वस्तूवर पाहू. वस्तू आहे इरले.

तक्त्यात इरले असले तर ओळ अशी असते: बांबू व पाने, पावसापासून संरक्षण. म्हणजे एक प्रकारची छत्री. पण इरले छत्री नव्हे, आणि का नव्हे हे कळले की अर्धे काम झाले. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये, नेमका आवणीच्या दिवसांत कोसळतो. भाताची आवणी करणारी बाई कमरेतून जवळजवळ काटकोनात वाकलेली असते. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने चिखलात रोप खोचणे. छत्रीला तिसरा हात हवा. शिवाय पाऊस पडतो तो तिच्या डोक्यापेक्षा अधिक तिच्या पाठीवर, कारण त्या स्थितीत आकाशाकडे तोंड करून असते ती पाठ. ही सगळी परिस्थिती इरल्याच्या आकारात उतरली आहे. वरचे टोक डोक्यावर बसते, मागचा भाग पाठीवरून कमरेखाली जातो, पुढची बाजू उघडी राहते आणि दोन्ही हात मोकळे असतात. उभे राहून इरले पाहिले तर ते बेढब दिसते. ते उभ्या माणसासाठी नाहीच.

त्याची बांधणी पाहा. बांबूच्या कामट्यांची विरळ, मोठ्या डोळ्यांची जाळी, तिच्यावर पळसाची किंवा तशाच रुंद पानांची थप्पी आणि तिच्यावर पुन्हा जाळी. पानांच्या पृष्ठभागावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे पाणी आत मुरत नाही. पण एक पान पुरत नाही, आणि दोन पानांच्या सांध्यातून पाणी शिरते. म्हणून खालच्या ओळीवर वरच्या ओळीने पाऊल टाकल्यासारखी पाने रचतात, कौलारू छपरावर कौले रचतात तशीच. एका ओळीचा सांधा दुसऱ्या ओळीच्या पानाच्या मधोमध येतो. उतार पुरेसा असला की थेंब सांध्याशी रेंगाळत नाही. जाळीला पाणी अडवायचे नसतेच, तिला पाने जागेवर धरायची असतात. पाणी अडवण्याचे काम पानाचे आणि आकार धरण्याचे काम बांबूचे, अशी ही श्रमविभागणी आहे. एकाच पदार्थाकडून दोन्ही कामे करून घेण्याचा हट्ट नाही.

आज त्या खाचरांत प्लास्टिकचे कागद दिसतात. याबद्दल हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ लेख निघतात. त्यांत लेखक सहसा आवणी करत नाही. भिजलेले इरले जड होते, वाऱ्यात धरत नाही, त्याची पाने वरचेवर बदलावी लागतात आणि ते करायला उन्हाळ्यात दोन-तीन दिवस घालावे लागतात. प्लास्टिकचा कागद हलका, स्वस्त आणि घडी घालून खिशात मावणारा. बाईने तो घेतला यात अज्ञान नाही, हिशोब आहे. दुसऱ्या बाजूला, प्लास्टिक अंगाला चिकटते, आत घामाने ओल धरते. इरले पाठीपासून जरा सुटे राहते आणि त्या पोकळीतून हवा खेळते. शेताच्या बांधावर फाटके इरले टाकले तर दोन पावसाळ्यांत त्याची माती होते, कागदाची होत नाही. वर्गात हे दोन्ही रकाने फळ्यावर लिहावेत आणि आज कोणते साधन निवडाल असे विचारावे. उत्तर काय येते यापेक्षा मुले कोणत्या कसोट्या सुचवतात ते ऐकण्यासारखे असते.

बांबूकडे वळू. तक्त्यात तो एका शब्दाचा आहे. कोयता घेऊन बेटाशी उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र पहिला प्रश्न, कोणता बांबू? काटेरी कळक की मेस? दुसरा, किती वर्षांचा? बांबू हे गवत आहे. त्याचा कोंब काही महिन्यांत पुरती उंची गाठतो आणि त्यानंतर आंब्या-सागासारखा वर्षावर्षाने जाड होत नाही. पुढची दोन-तीन वर्षे तो आतून कडक होत जातो, एवढेच. म्हणून जाडीवरून वय कळत नाही. ते कांडावरचा रंग, पेरावरचे कवच, ठोकल्यावर येणारा आवाज यांवरून ओळखावे लागते. विणायला कोवळसर बांबू लागतो, कारण तो वाकतो. वाशाला जून लागतो, कारण तो वाकत नाही. एकाच बेटातले दोन बांबू, दोन वेगळे पदार्थ. 'बांबू, खोड' या दोन शब्दांत हे कुठे बसवणार?

मग चिरणे. कांडाचा आडवा छेद भिंगातून पाहिला तर काळसर ठिपके दिसतात. ते तंतूंचे जुडगे. बाहेरच्या बाजूला ते दाटीने असतात, आत विरळ. ताण सोसणारा भाग म्हणजे बाहेरची पाठ. विणणारा कामटी सोलताना पाठ राखतो आणि आतला पोटाकडचा मऊ भाग काढून टाकतो किंवा हलक्या कामाला ठेवतो. त्याने भिंग वापरलेले नाही, पण छेद त्याला बोटांनी माहीत आहे. अकरावीचा विद्यार्थी वाहिनीवृंदाची आकृती काढतो, तिला नावे देतो आणि घरातल्या सुपाची एक बाजू तुकतुकीत व दुसरी खरखरीत का, हे त्याला कोणी विचारत नाही.

कापण्याच्या वेळेबद्दल एक नियम सगळीकडे ऐकू येतो: बांबू पावसाळा सरल्यावर, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, नाहीतर भुंगा लागतो. या ठिकाणी लेखकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते. दुसरा म्हणतो, सगळी अंधश्रद्धा. दोघांनीही नियम सुटा करून पाहिलेला नसतो. भुंगा बांबूत शिरतो तो त्यातल्या पिष्टासाठी. पावसाळ्यात नवे कोंब वाढवताना बेट आपला साठा खर्च करते, त्यामुळे त्यानंतर कापलेल्या बांबूत पिष्ट कमी असण्याला सबळ कारण आहे. ऋतूचा भाग म्हणून टिकतो. बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची रीतही याच कारणाने समजते, कारण पिष्ट आणि साखर त्यात कमी होते. चंद्राच्या भागाला मात्र तितका भक्कम पुरावा मिळालेला नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी एकाच बेटातले सारख्या वयाचे दोन बांबू दोन पंधरवड्यांत कापून त्यांच्या छेदांवर आयोडीनचे द्रावण टाकावे. निळा-काळा रंग किती गडद येतो ते पाहावे. हा प्रयोग कोणत्याही माध्यमिक शाळेच्या कपाटातल्या सामानात होतो, आणि दहा बांबूंवर केला तर त्यातून काही बोलता येईल, दोघांवरून नाही.

सुपाविषयी थोडे. मराठीत धान्य सुपात पाखडतात आणि घोळतात. ही दोन क्रियापदे दोन वेगळ्या भौतिक क्रिया आहेत. पाखडताना धान्य वर उडते. दाणा लवकर खाली येतो, फोल हवेत रेंगाळते आणि सुपाच्या उघड्या ओठावरून पुढे जाते. घोळताना धान्य वर उडतच नाही, सूप किंचित तिरके धरून गोल हलवले की खडे आणि कण्या वेगळ्या जागी गोळा होतात. हलके-जड सगळे सारख्याच वेगाने पडते असे आपण पुस्तकातून शिकवतो आणि ते निर्वात जागेत खरे आहे. सुपाला मात्र हवा लागते. पुस्तकातला नियम आणि आजीचे सूप यांत विसंवाद का नाही, हे समजावून सांगणे हा नववीच्या तासासाठी फार चांगला विषय आहे. त्यासाठी सूप टेबलावर मांडून उपयोग नाही. ते हातात द्यावे लागते.

'फावल्या वेळात ते टोपल्या विणतात' हे वाक्य आम्ही इतक्या ठिकाणी वाचले आहे की त्याचा लेखक कोण हे शोधण्यात अर्थ नाही. या वाक्याला जुन्नरनेच उत्तर देऊन ठेवले आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या ब्राह्मी शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा, वसकारांचा, उल्लेख येतो. त्यांच्याकडे आणि कांस्यकारांच्या श्रेणीकडे धर्मकार्यासाठी पैशाची ठेव ठेवलेली होती, तिच्या व्याजातून खर्च भागायचा. म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरच्या या गावात बांबूकाम करणाऱ्यांची संघटना होती आणि लोक विश्वासाने तिच्याकडे पैसे ठेवत होते. हे फावल्या वेळातले काम नव्हते. आजही बाजारपेठेच्या गावांतला बुरूड आणि डोंगरातला स्वतःच्या घरापुरते विणणारा महादेव कोळी किंवा ठाकर शेतकरी, यांचे काम एकसारखे नाही. एक विकण्यासाठी विणतो, त्याला वेग आणि एकसारखेपणा लागतो. दुसरा टिकण्यासाठी विणतो. दोन्ही टोपल्यांवर 'आदिवासी हस्तकला' अशी एकच चिठ्ठी चिकटवली की हा फरक पुसला जातो.

त्या टोपल्यांचा पुरावा मागे का राहिला नाही, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे. डेन्मार्कच्या थॉमसन यांनी १८३६ साली मानवी इतिहासाचे अश्म, कांस्य आणि लोह असे तीन युगांचे भाग प्रसिद्ध केले आणि आपण ते अजून शिकवतो. हे तीन पदार्थ माणसाने सर्वांत जास्त वापरले म्हणून निवडले गेले नाहीत; ते मागे उरले म्हणून निवडले गेले. लाकूड, साल, पान, वेल कुजून गेले. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे मोठ्या संख्येने पाहायला मिळतात. धातू टिकतो आणि ज्याच्या घरी धातू होता तोही इतिहासात टिकतो.

'देशी' या शब्दाचीही चिकित्सा व्हायला हवी. दोराचा पारंपरिक कच्चा माल म्हणून घायपात दाखवतात. शेताच्या बांधावर ती इतकी रुळली आहे की ती इथली नाही हे कोणाला पटत नाही. पण घायपात अमेरिका खंडातून आली. केवण इथली. कुंभाही इथला; त्याच्या सालीच्या तंतूंची वात तोड्याच्या बंदुकीला वापरत असल्याच्या नोंदी जुन्या वनस्पतिग्रंथांत आहेत. पळसाच्या मुळ्या ठेचून भिंतींना पांढरी देण्याचे कुंचे करतात, तोही इथला. मग घायपातीचा दोर पारंपरिक नव्हे काय? आमच्या मते आहे. परदेशी पान हाती आल्यावर ते कुजवून, झोडून, पिंजून दोर करण्याची रीत त्याला लागू करणे, हे परंपरा जिवंत असल्याचे लक्षण आहे. कर्नाटकात सोलिगा लोक घाणेरीच्या काटक्यांपासून वेतासारखे फर्निचर करतात. घाणेरीही बाहेरची, आणि जंगलाला त्रासदायक. ज्ञान हाताचे असते, ते एका झाडाला कायमचे बांधलेले नसते. तरीही प्रत्येक झाडाला पर्याय असतोच असे नाही. कुऱ्हाडीचा दांडा आणि कावडीचा दांडा धामणीचा हवा असे म्हणतात ते उगाच नाही. धामणीचे लाकूड हादरा खाऊन पुन्हा सरळ होते. म्हणूनच धनुष्यालाही तेच. सागाचा दांडा दिसायला सुरेख, पण घाव घातल्यावर झिणझिण्या येतात त्या मनगटाला.

तीन रकान्यांत नसलेला सर्वांत महत्त्वाचा रकाना आम्ही शेवटाकडे ठेवला आहे: कोणाच्या परवानगीने?

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला 'झाड' ठरवले होते. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणत होते, कायदा झाड म्हणत होता, आणि कोयता घेऊन निघालेल्या माणसाच्या वाट्याला वनस्पतिशास्त्र नव्हे तर कायदा येत होता. २०१७ मध्ये ही व्याख्या बदलली, तीही वनाबाहेर वाढलेल्या बांबूला मोकळीक देण्यासाठी. भीमाशंकरचा सुमारे १३१ चौरस किलोमीटरचा प्रदेश १९८५ मध्ये अभयारण्य झाला, शेकरूचे घर म्हणून. शेकरू वाचलाच पाहिजे. पण अभयारण्यातून वनोपज नेण्यावर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे निर्बंध आले आणि पिढ्यान्‌पिढ्या करवी व कामट्या आणणाऱ्यांना आपल्याच रानात चोरासारखे वावरावे लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घेतले आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. हा हक्क कागदावरून हातात यायला काय लागते ते गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने दाखवले: २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ चा एप्रिल उजाडला.

या पट्ट्यात हिरड्याचेही असेच. बाळहिरडा हे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी गावांचे रोख उत्पन्न. त्यातल्या टॅनिनवर कातडे कमावण्याचा धंदा चालतो, आणि हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकला की काळी शाई होते. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे झोडपली. शेतातल्या पिकाची भरपाई ठरलेली असते. रानातल्या झाडाचे फळ कोणत्या रकान्यात लिहायचे, हा प्रश्न उभा राहिला आणि भरपाईसाठी लोकांना दीर्घकाळ आंदोलन करावे लागले. रकाना नसला तर काय होते, याचे याहून रोखठोक उदाहरण आम्हांला आठवत नाही.

म्हणून 'पारंपरिक साधने लोप पावत आहेत' हे वाक्य लिहिताना थांबावे. लोप पावणे ही क्रिया आपोआप घडल्यासारखी वाटते. करवीची काठी मिळेनाशी झाली म्हणून कूड गेले, की सिमेंटचे घर हवेसे वाटले म्हणून गेले, की घरकुलाच्या अनुदानाला पक्की भिंत लागते म्हणून गेले? तिन्ही कारणे वेगळी आणि तिघांवरचे उपायही वेगळे. करवी साधारण सात वर्षांनी एकदम फुलते, बी टाकते आणि वाळते. त्या वाळल्या काठ्या तोडण्याने रानाचे काय बिघडते, आणि मधल्या वर्षी हिरव्या तोडल्याने काय बिघडते, हा प्रश्न गावातल्या म्हाताऱ्यांना आणि वनरक्षकाला, दोघांनाही विचारावा. उत्तरे शेजारी शेजारी लिहावीत.

आश्रमशाळेतल्या मुलांच्या बाबतीत हा विषय अधिक नाजूक आहे. पुस्तकात 'आदिवासी लोक बांबूच्या कणग्यांत धान्य साठवत असत' असे भूतकाळात लिहिलेले असते आणि वाचणाऱ्या मुलाच्या घरी शेणाने सारवलेली कणगी आज भरलेली असते. त्या वाक्यातून त्याला एवढेच कळते की आपले घर होऊन गेलेले आहे. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली तेव्हा हस्तव्यवसाय नुसता यंत्रासारखा न शिकवता त्यातले का आणि कशासाठी शिकवा असे त्यांचे म्हणणे होते. आपण कार्यानुभवाच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्यांच्या टोपल्या करवून घेतल्या आणि ज्याला खरी टोपली येते त्याला त्यातही काठावर गुण दिले.

तक्ता करायचाच असेल तर करावा. मात्र त्यात रकाने वाढवावेत: कोणत्या वयाची वनस्पती, कोणत्या महिन्यात, कोणी तोडली, काय टाकून दिले, किती दिवस लागले, किती वर्षे टिकले, मोडल्यावर काय केले, आता त्याऐवजी काय वापरता आणि का. हे रकाने घरी विचारल्याशिवाय भरता येत नाहीत. सांगणाऱ्याने परवानगी दिली तर त्याचे नाव तक्त्यावर घालावे, वनस्पतीच्या शास्त्रीय नावाच्या शेजारीच.

दोराची चाचणी घेणे त्याहून सोपे आहे. केवणीचा, घायपातीचा आणि नायलॉनचा, शक्य तितक्या सारख्या जाडीचे व लांबीचे तुकडे घ्यावेत. दोर आडव्या वाशाला बांधून खाली बादली टांगावी आणि मापाने पाणी ओतत जावे. एक लिटर म्हणजे एक किलो. दोर तुटला की आकडा लिहावा. मग तसेच तुकडे रात्रभर भिजवून पुन्हा करावे. सुती धागा ओला झाल्यावर अधिक ताण सोसतो हे माहीत आहे. पावसात भिजलेल्या गोठ्यात केवणीचा दोर काय करतो ते बादली सांगेल. एका बादलीने भागले नाही तर दोन टांगाव्या, तिच्याखाली कोणी पाय ठेवू नये, आणि या प्रयोगासाठी उभ्या झुडपाची साल सोलून आणू नये. जुन्या दोराचे तुकडे गोठ्यात खुंटीला लटकलेले असतात.